ताणातून येणारी पकड : पॅलेटवरील फिल्म आणि ती गुंडाळणारी यंत्रे

नाशिक जिल्ह्यातून परदेशी जाणारा माल ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथील औद्योगिक वसाहतींतून वाहनांचे सुटे भाग, विद्युत उपकरणे अशा कारखानी वस्तू निघतात, तर दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतील पॅकहाऊसमधून द्राक्षांची खोकी निघतात. दोन्ही माल पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टचे दाते खालून घालता येतील अशा लाकडी वा प्लास्टिकच्या चौकटीवर, रचला जातो आणि बहुतांशी न्हावा शेवा बंदराकडे रवाना होतो. तरीही कारखान्यातील पॅलेटभोवती पारदर्शक प्लास्टिकचे घट्ट वेढे दिसतात आणि द्राक्षांच्या पॅलेटभोवती ते सहसा दिसत नाहीत. या फरकामागे कोणते शास्त्र आहे, हे फिल्मचे गुणधर्म आणि ती गुंडाळणाऱ्या यंत्रांची कार्यपद्धती पाहिली असता स्पष्ट होते.

पॅलेटवर एकावर एक रचलेली खोकी स्थिर उभ्या गाडीत स्वतःच्या वजनाने जागेवर राहतात. परंतु कसारा घाटाच्या उतारावर चालकाने ब्रेक दाबला की गाडी मंदावते आणि माल मात्र जडत्वामुळे पुढेच सरकू पाहतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून घाट टाळता येतो, पण ब्रेकचे, वळणांचे आणि बंदरातील चढउताराचे धक्के टळत नाहीत. अशा वेळी खोक्यांना एकमेकांशी आणि सर्वांना मिळून खालच्या पॅलेटशी जखडून ठेवणे हे फिल्मचे मुख्य काम असते. धूळ आणि ओलाव्यापासून होणारे रक्षण हा त्याचा दुय्यम लाभ होय.

या कामासाठी दोन प्रकारच्या फिल्म वापरल्या जातात. श्रिंक फिल्म मालावर सैलसर चढवून तापवली जाते आणि उष्णतेने आकसून ती चिकटून बसते. स्ट्रेच फिल्मला उष्णता लागत नाही. ती ताणून गुंडाळली जाते आणि मूळ लांबीकडे परतण्याच्या तिच्या ओढीतून मालावर सतत दाब पडत राहतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या लॅनटेक या कंपनीने स्ट्रेच फिल्मची यंत्रे बाजारात आणली आणि १९७३ च्या तेलसंकटाने इंधन महागल्यावर उष्णतेविना चालणाऱ्या या पद्धतीचे महत्त्व वाढले.

स्ट्रेच फिल्म प्रामुख्याने एलएलडीपीई, म्हणजे रेषीय कमी घनतेचे पॉलिएथिलीन, या प्लास्टिकपासून बनते. या प्लास्टिकचे रेणू ताण पडताच फिल्म न फाटता एकाच दिशेने ओळीने लागत जातात आणि त्यामुळे ताणलेली फिल्म पातळ होऊनही बळकट राहते. फिल्म सामान्यतः अनेक थरांची असते. आतील थर ताण सोसतो, तर बाहेरील थरात चिकटपणा आणणारे घटक असल्याने वेढा मालाला नव्हे, तर आधीच्या वेढ्याला चिकटतो. जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजली जाते आणि साधारण १७ ते २३ मायक्रॉनचे रोल अधिक वापरात असतात.

हाताने फिल्म गुंडाळताना कामगाराला वाकून पॅलेटभोवती फिरावे लागते, फिल्म जेमतेम ताणली जाते आणि प्रत्येक वेढ्याचा ताण निराळा पडतो. यंत्रात फिल्म मालापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन रुळांमधून जाते. पुढचा रूळ अधिक वेगाने फिरत असल्याने फिल्म ओढली जाते आणि या क्रियेला पूर्वताण म्हणतात. पूर्वताण २५० टक्के असेल, तर १ मीटर फिल्मची ३.५ मीटर होते, म्हणजे २० मायक्रॉनची फिल्म मालावर जेमतेम ६ मायक्रॉनच्या जाडीने बसते. यंत्राच्या किमतीची भरपाई मुख्यतः या बचतीतून होते.

यंत्रांची निवड मालाच्या स्वरूपानुसार करावी लागते. सर्वाधिक परिचित असलेल्या टर्नटेबल यंत्रात पॅलेट गोल चकतीवर फिरते आणि फिल्मचा रोल खांबावर वरखाली सरकतो, तर मालाची उंची प्रकाशसंवेदक ओळखतो. माल फार जड किंवा फिरवल्यास कोसळेल इतका हलका असेल, तर पॅलेट स्थिर ठेवून फिरत्या भुजेने फिल्म गुंडाळतात. मोठ्या उत्पादनाच्या ठिकाणी हेच काम कड्यावर वेगाने फिरणारा रोल करतो आणि पॅलेटभोवती स्वतः चालणारे रोबोटही उपलब्ध आहेत.

तथापि यंत्र घेतले म्हणजे पकड आपोआप मिळते असे नाही. तळाचे वेढे खोक्यांसोबत पॅलेटच्या चौकटीवरही आले नाहीत, तर सगळा ढीग अखंड राहूनही पॅलेटवरून घसरतो. ताण कमी पडला तर माल डोलतो आणि जास्त झाला तर खोक्यांचे कोपरे चेपतात, आणि खोक्याची भार पेलण्याची शक्ती तर मुख्यतः त्या कोपऱ्यांतच असते. त्यामुळे जास्त फिल्म लावणे हा बहुधा चुकीच्या ताणावरचा महागडा उपाय ठरतो.

द्राक्षांच्या बाबतीत मात्र अडचण ताणाची नसून हवेची आहे. तोडणीनंतर घडांतील उष्णता काढण्यासाठी पॅकहाऊसच्या प्रीकूलिंग कक्षात थंड हवा खोक्यांच्या छिद्रांतून जोराने ओढली जाते आणि पुढे वातानुकूलित कंटेनरमध्येही ती फरशीच्या खाचांतून वर येऊन खोक्यांमधून वाहते. फिल्मने ही छिद्रे झाकली तर उष्णता कोंडते, बाष्प साचते आणि बुरशीला वाव मिळतो. म्हणून द्राक्षांच्या पॅलेटला चारही कोपऱ्यांवर पुठ्ठ्याच्या उभ्या कोनपट्ट्या लावून आडव्या प्लास्टिक पट्ट्यांनी आवळले जाते. पकड तीच, परंतु हवेचा मार्ग मोकळा राहतो. जिथे गुंडाळणेच आवश्यक असते, तिथे जाळीदार फिल्म वापरता येते.

मालाचा प्रवास संपताच या फिल्मचा कचरा होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती करून वेष्टने बाजारात आणणाऱ्यांवर ती गोळा करून पुनर्चक्रित करण्याची विस्तारित जबाबदारी निश्चित केली आणि लवचिक प्लास्टिक वेष्टनांचा स्वतंत्र गट केला. स्ट्रेच फिल्म बहुधा एकाच जातीच्या प्लास्टिकची असल्याने, स्वच्छ आणि वेगळी ठेवल्यास, तिचे पुनर्चक्रण तुलनेने सोपे असते. तरीही सर्वांत स्वस्त बचत गुंडाळण्यापूर्वीच साधते, कारण योग्य पूर्वताण आणि नेमक्या जागचे वेढे यांनी कमी फिल्ममध्ये तीच पकड मिळते आणि तेवढाच कचरा कमी निर्माण होतो.