तेल, पाणी आणि भिंतीवरचे चित्र

रश्श्यावर तरंगणारा तेलाचा तवंग तुम्ही नेहमी पाहता. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. या साध्या गुणधर्मामुळेच मोठी रंगीत भित्तिपत्रके, म्हणजे पोस्टर्स, छापणे शक्य झाले. ते कसे, ते पाहू.

अठराव्या शतकापर्यंत छपाईच्या मुख्य पद्धती दोन होत्या. लाकडी ठशांत व धातूच्या खिळ्यांत छापायचा भाग उंच ठेवीत; तांब्याच्या पत्र्यावर तो खोल कोरीत. दोन्ही पद्धतींत चित्र कोरावेच लागे. हे काम वेळखाऊ आणि खर्चाचे. त्यामुळे भिंतीवरच्या जाहिरातींत बहुधा अक्षरांचीच गर्दी असे.

१७९६ च्या सुमारास म्यूनिक येथे आलॉइस सेनेफेल्डर हा नाटककार आपली नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीत होता. त्या खटपटीतून त्याला शिळामुद्रणाचा शोध लागला.

या पद्धतीत चुनखडीच्या सपाट शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात. खडूतील मेदाम्ले आणि शिळेतील कॅल्शियम कार्बोनेट यांच्यापासून पाण्यात न विरघळणारा साबण बनतो व तो शिळेला धरून राहतो. मग डिंक आणि थोडे नायट्रिक आम्ल यांचे मिश्रण लावले, की मोकळा भाग पाणी धरून ठेवू लागतो. आता शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला तर काय होईल? ओला भाग शाईला दूर ठेवील. चित्राचा भाग मात्र ती घेईल. वर कागद दाबला की चित्र उमटते, पण उजव्याचे डावे होऊन! म्हणून शिळेवर अक्षरेसुद्धा उलटी काढावी लागतात.

कोरणे संपले आणि चित्रकार स्वतःच चित्र व अक्षरे एकत्र रेखू लागला. ज्यूल शेरे याने १८६६ साली पॅरिसमध्ये छापखाना काढला. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा असे. तांबडा, पिवळा, निळा अशा मोजक्याच रंगांतून तो अनेक छटा मिळवी. पिवळ्यावर निळा छापला की हिरवा! मात्र दर वेळी कागद अचूक जागी बसायला हवा. १८९१ साली तुलूझ-लोत्रेक याने ‘मुलाँ रूज’ या नृत्यगृहासाठी केलेले भित्तिपत्रक खूप गाजले. सपाट रंग, मोजक्या रेषा, ठळक अक्षरे; रस्त्याने जाणाऱ्यालाही ते एका नजरेत कळे.

भारतात राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे मग राजवाड्यांपुरती उरली नाहीत, साध्या घरांच्या भिंतींवरही आली.

आज शिळेच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला आहे, पण ऑफसेट छपाईचे तत्त्व तेच आहे.

करून पाहा : पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने आपले नाव लिहा आणि वरून पातळ जलरंग फिरवा. काय दिसते? असे का झाले, ते आता तुम्हीच वर्गात सांगा.