कर्बाची विविध रूपे आणि शेतजमिनीतील कर्ब

माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की त्यात सामू, नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीला ‘सेंद्रिय कर्ब’ असा एक रकाना आढळतो. नत्र, स्फुरद व पालाश यांची खते पिशव्यांतून विकत मिळतात. कर्बाची पिशवी दुकानात मिळत नाही. त्यामुळे या रकान्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. वस्तुतः जमिनीच्या सुपीकतेची बरीचशी भिस्त त्याच आकड्यावर असते. कर्ब म्हणजे काय व त्याची निरनिराळी रूपे कोणत्या उपयोगाची आहेत, हे ध्यानी आले म्हणजे शेतातील पाचट व धसकटे जाळण्यात किती हानी आहे हेही उमगेल.

एक मूलद्रव्य, अनेक रूपे

कर्ब अथवा कार्बन हे एक मूलद्रव्य होय. हिरा, शिसपेन्सिलीतील काळी कांडी आणि चुलीवरील भांड्याची काजळी ही सर्व मुख्यतः त्याचीच रूपे आहेत. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली हिरा जाळून पाहिला. हिऱ्यापासून जितका कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मिळाला, तितकाच तेवढ्याच वजनाच्या शुद्ध कोळशापासून मिळतो, असे त्याने दाखवून दिले. द्रव्य एकच असता गुणांत एवढा फरक का पडतो? तो अणूंच्या मांडणीमुळे पडतो.

हिऱ्यात प्रत्येक अणू आपल्या चारी दिशांच्या चार अणूंशी घट्ट जखडलेला असतो. सांधेमोड करून रचलेली भिंत जशी कोणत्याही बाजूने सहजी ढळत नाही, तशी ही रचना असते. म्हणूनच निसर्गात सामान्यतः आढळणाऱ्या खनिजांत हिरा सर्वांत कठीण आहे. काच कापण्यासाठी व खडकाचे नमुने काढणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी तो वापरतात. त्याच्या अणूंचे चारही बंध गुंतलेले असल्यामुळे शुद्ध हिऱ्यातून वीज वाहत नाही.

ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू तीनच अणूंशी जोडलेला असून मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी जाळी तयार होते. अशा जाळ्यांचे थर एकावर एक ठेवलेल्या पत्रावळींप्रमाणे सहज सरकतात. यास्तव ग्रॅफाइट बुळबुळीत लागते, कागदावर उमटते आणि यंत्रांच्या वंगणात उपयोगी पडते. शिसपेन्सिलीत शिसे नसते. ग्रॅफाइट व चिकणमाती यांचे ते मिश्रण असते. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. गावातील सभेत हे दाखवावयाचे असल्यास विजेरीचे दोन सेल, लहान बल्ब, तारेचे तुकडे व पेन्सिलीतील कांडीचा लहानसा तुकडा पुरेसा आहे. कांडी मध्ये जोडली असता बल्ब मंद का होईना, पेटतो. उच्च तापमान सोसत असल्याने ग्रॅफाइटच्या मुशी धातू वितळविण्यास वापरतात.

लाकडी कोळशात ग्रॅफाइटसारखेच बारीक तुकडे असतात. परंतु ते अस्ताव्यस्त पडलेले असून त्यांच्यामध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. विशेष प्रक्रियेने ही छिद्रे वाढविली म्हणजे एक ग्रॅम कोळशाचा आतबाहेरचा पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून अधिक भरतो. त्यावर रंग, वास व काही विषारी द्रव्ये चिकटून राहतात. पाणी गाळण्याच्या यंत्रात असा कोळसा घालतात. काजळीसारखा बारीक कर्ब छपाईच्या शाईत, तसेच टायरचे रबर मजबूत करण्यासाठी उपयोगात आणतात.

अलीकडच्या काळात आणखी रूपे उजेडात आली. १९८५ साली ६० अणूंचा, चेंडूच्या आकाराचा कर्बरेणू सापडला. ग्रॅफाइटचा एकच थर, म्हणजे ग्राफीन, २००४ साली वेगळा करण्यात यश आले.

जमिनीतील कर्ब

पिके हवेतील कर्बवायू घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अंग बनवितात. वाळलेल्या काडीकचऱ्याच्या वजनात सुमारे ४० टक्के कर्ब असतो. हा काडीकचरा कुजला म्हणजे त्याचा काही भाग ह्यूमसच्या रूपाने मातीशी एकजीव होतो. तो मातीचे कण बांधून ठेवतो, ओल धरतो, अन्नद्रव्ये वाहून जाऊ देत नाही व उपयुक्त जिवाणूंचे पोषण करतो. हाच सेंद्रिय कर्ब होय.

सामान्यतः ०.५० टक्क्यापेक्षा कमी सेंद्रिय कर्ब असलेली जमीन कर्बाने दुबळी आणि ०.७५ टक्क्यापेक्षा अधिक असलेली समृद्ध समजतात. जमीन काळी म्हणजे तीत कर्ब भरपूर, हा समज मात्र बरोबर नाही. काळ्या कसदार दिसणाऱ्या जमिनीतही तो पुष्कळदा कमी आढळतो. तसेच चुनखडीत कर्ब असला, तरी तो सेंद्रिय कर्बाचे काम करीत नाही.

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे २० ते २२ लाख किलो असते. तीत ०.१ टक्का कर्ब वाढवावयाचा म्हणजे दोन टनांहून अधिक कर्ब मातीत टिकून राहिला पाहिजे. आपल्या उष्ण हवेत कुजणाऱ्या द्रव्यातील बहुतेक कर्ब वायुरूपाने निघून जातो व थोडाच मातीत उरतो. म्हणून हे काम एका हंगामाचे नव्हे. दरवर्षी भर घालीत राहावे लागते.

पाचट जाळू नये

उसाच्या एका हेक्टरातून साधारणतः ८ ते १० टन पाचट मिळते. १० टन पाचटात सुमारे ४ टन कर्ब असतो. काडी लावली की घटकाभरात तो हवेत जातो आणि त्याबरोबर बहुतेक नत्रही जाते. मागे राहते ती राख; तीत पालाश असतो, परंतु ह्यूमस होण्याजोगे काही उरत नाही.

पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असते. ते कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र वापरतात व पीक काही काळ पिवळे पडते. हे टाळण्यासाठी खोडव्यात बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत पसरावे. प्रत्येक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. पाचट मातीशी व ओलीशी लागून राहील अशी काळजी घ्यावी.

पऱ्हाटी व तुराटी लवकर कुजत नाही. ती कमी हवेत तापवून कोळसा केल्यास तीतील सुमारे निम्मा कर्ब टिकविता येतो. असा कोळसा मातीत शेकडो वर्षे राहू शकतो. अमेझॉन नदीच्या खोऱ्यातील प्राचीन वस्त्यांच्या काळ्या जमिनी त्याची साक्ष देतात. मात्र कोळसा हे खत नव्हे. तो बारीक करून शेणखतात मुरवावा व मगच शेतात टाकावा. त्यातील राखेने सामू वाढत असल्यामुळे चोपण जमिनीत तो टाकू नये.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास वास नसल्याने धोका कळत नाही. यास्तव पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कोणीही कधीही झोपू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ऊसतोडणीपूर्वीच शेतकऱ्यांची बैठक घ्यावी, त्यांच्या अहवालातील कर्बाचा आकडा त्यांना समजावून द्यावा आणि निदान एका शेतात निम्म्या खोडव्यात पाचट ठेवून त्याचा परिणाम सर्वांना दाखवावा. हिऱ्याची खाण थोड्यांच्या वाट्याला येते. शेतकऱ्याच्या उपयोगाचा कर्ब मात्र दर हंगामाला त्याच्याच शेतात पिकतो. तो जाळावा की जमिनीस परत द्यावा, हे त्याच्याच हाती आहे.