ग्रूव्ही म्हणजे झकास!

दोस्तांनो, एखादी गोष्ट फार आवडली की तुम्ही काय म्हणता? झकास! भन्नाट! एक नंबर! १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतली तरुण मुलंमुली अशा वेळी म्हणायची, 'ग्रूव्ही!'

या शब्दाचं मूळ आहे 'ग्रूव्ह'. ग्रूव्ह म्हणजे खाच किंवा चर. बैलगाडीची चाकं एकाच वाटेनं जाऊन जाऊन मातीत खाच पडते, तिला आपण चाकोरी म्हणतो ना, तसंच. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत 'ग्रूव्ही' चा अर्थ होता चाकोरीबद्ध, ठरलेली वाट न सोडणारा. म्हणजे कौतुक नव्हे, टीकाच!

मग टीकेचं कौतुक कसं झालं? ते झालं ग्रामोफोनच्या तबकडीमुळे. जुनी तबकडी मिळाली तर उजेडात तिरकी धरून पाहा. बारीक बारीक रेषा दिसतील. त्या अनेक नसतात बरं का! काठापासून मध्याकडे गोल गोल जाणारी ती एकच लांबलचक खाच असते. सुई त्या खाचेतून नीट सरकली की गाणं सुरेल. सुई उडाली की खर्रर्र! त्यावरूनच १९३० नंतर जॅझ वाजवणारे 'ग्रूव्हमध्ये असणं' असं म्हणू लागले, असं मानतात. आपण म्हणतो ना, 'आज त्याला सूर गवसलाय', तसं.

जॅझ संगीत घडवलं ते मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'कॉटन क्लब' नावाचं प्रसिद्ध ठिकाण होतं. तिथे रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर प्रेक्षक मात्र गोरे! कलावंतांच्या शेजारपाजारच्यांना आत बसून ऐकायची मुभा नव्हती. याच क्लबात गाजलेले गायक कॅब कॅलोवे यांनी १९३८ मध्ये जॅझवाल्यांच्या बोलीचा छोटासा शब्दकोश काढला. त्याच्या १९४४ च्या आवृत्तीत 'ग्रूव्ही' आहे. अर्थ दिलाय, छान!

माणसांना दारात अडवलं, पण त्यांचा शब्द काही अडला नाही. तो गोऱ्या मुलांच्या तोंडी सहज जाऊन बसला. १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकल यांच्या एका गाण्याच्या नावातही तो आला. मग सगळेच तो वापरू लागले, तशी त्याची नवलाई संपली. १९९७ च्या 'ऑस्टिन पॉवर्स' या विनोदी चित्रपटात तीस वर्षं गोठवून ठेवलेला गुप्तहेर जागा होतो आणि 'ग्रूव्ही' म्हणतो. प्रेक्षक हसतात, कारण शब्द जुना झालेला असतो.

आता एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, 'तुमच्या लहानपणी झकासला काय म्हणायचे?' शब्द वहीत लिहा. तो कुणाकडून आला, हेही विचारा. आणि हसू नका हं! उद्या तुमच्या 'भन्नाट' लाही कुणीतरी हसणार आहे.