चामखीळ गोठवल्यानंतर

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, नाही तर चुना-सोडा लावायचा, हे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. चुना-सोड्याने भोवतालची कातडीही जळते, ते वेगळेच! हातापायांवरची खरखरीत चामखीळ विषाणूमुळे होते. मुलांमध्ये ती पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. पण वाढू किंवा दुखू लागली, तर त्वचारोगतज्ज्ञ ती गोठवण्याचा सल्ला देतात.

त्यासाठी लागतो द्रवरूप नायट्रोजन. गावाकडच्या मंडळींना तो नवा नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस! काही सेकंदांच्या फवाऱ्याने पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी मरतात. झोंबते, पण सहसा भूल लागत नाही. मात्र दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा पुन्हा यावे लागते.

खरी काळजी घ्यायची ती घरी गेल्यावर. जागा सुजते, एक-दोन दिवसांत फोड येतो, कधी तो रक्ताळलेलाही असतो. घाबरू नका, हे अपेक्षितच आहे. फोड सुईने फोडू नका. वरची कातडी हीच त्या जखमेची पट्टी. हळद नको, टूथपेस्ट तर नकोच. साबण-पाण्याने हलकेच धुऊन टिपून घ्या, पेट्रोलियम जेली लावा. खपली एक ते तीन आठवड्यांत पडते, ती ओढू नका. दुखणे वाढत गेले, पू किंवा ताप आला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल, पायांचा रक्तपुरवठा कमी असेल, तर हे उपचाराआधीच सांगावे.

सर्वांत जास्त धास्ती असते पांढऱ्या डागाची. मुलीच्या हातावर तो दिसला की आईच्या मनात कोड आणि लग्न, दोन्ही एकदमच येतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक. चामखिळीच्या आधी त्याच मरतात. हा डाग म्हणजे कोड नव्हे. बहुधा काही महिन्यांत रंग भरतो, क्वचित डाग कायमचा राहतो. म्हणून चेहऱ्यावर गोठवून घेण्यापूर्वी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. नंतर ती जागा उन्हापासून जपा, नाही तर काळा डागही पडतो.

आणि तीळ? रंग बदलणारा, वेड्यावाकड्या कडांचा, रक्त येणारा तीळ चामखीळ समजून गोठवून घेऊ नका. तो कर्करोगाचा असू शकतो, आणि गोठवल्यावर तपासायला नीट तुकडाही उरत नाही. तिथे आधी बायप्सी.