किरणे आधी की शस्त्रक्रिया आधी?

बेंगळुरूत मेंदूविकारांचे निम्हान्स आणि कर्करोगाचे किडवाई शेजारी-शेजारी आहेत. मेंदूत पसरलेल्या कर्करोगाला दोन्ही शास्त्रे लागतात. प्रश्न असतो क्रमाचा. गाठ नुसती काढून भागत नाही. २०१७ च्या एका अमेरिकी चाचणीत वर्षभरानंतर नुसत्या शस्त्रक्रियेने ४३ टक्के, तर नंतर नेमकी किरणे दिल्यावर ७२ टक्के रुग्णांत त्या जागी गाठ परतली नव्हती. पण शस्त्रक्रियेनंतर उरते ती वेडीवाकडी पोकळी. तिची कड आखणे कठीण, जखम भरेपर्यंत वेळ जातो आणि कापताना सुटलेल्या पेशी मेंदूच्या आवरणांत पसरू शकतात. शाबूत गाठीवर आधीच किरणे दिली, तर निशाणा स्पष्ट असतो आणि किरणे लागलेला बराचसा भाग मागाहून काढलाच जातो. म्हणून हा क्रम मला अधिक पटतो.

२०१६ च्या एका तुलनेत दोन वर्षांत आवरणांतला प्रसार किरणे आधी दिलेल्यांत ३.२ टक्के होता, नंतर दिलेल्यांत १६.६. ती जुन्या नोंदींवरची तुलना होती, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. दुसरा आक्षेप निदानाचा: गाठीचा तुकडा तपासण्याआधीच किरणे कशी द्यायची? मूळ कर्करोग सिद्ध झालेला असेल आणि एमआरआय त्याच्याशी जुळत असेल, तर ही शंका बरीच कमी होते. मात्र मेंदूवरचा दाब वाढून रुग्णाची शुद्ध हरपू लागली असेल, तर किरणांसाठी थांबू नये. गाठ आधी काढावी.