ही मूठ खंजिराची नव्हे

संग्रहालयाच्या काचेआड रानबोकडाचं मुंडकं असलेली ब्राँझची छोटी मूठ दिसली, की बहुतेकांना ती खंजिराची वाटते. पश्चिम इराणच्या झाग्रोस डोंगरांतून, लुरिस्तानातून आलेल्या अशा अनेक मुठींत पातं कधी नव्हतंच. त्यांच्या पोकळ टोकात निसणा, म्हणजे धार लावायचा लांबट दगड, बसवलेला असे. दगड निसटू नये म्हणून मारलेल्या खिळ्याची भोकं काहींवर आजही दिसतात. धार लावायचं काम दगडाचं. ब्राँझ फक्त धरायला.

एवढी कलाकुसर आहे, तेव्हा ही पूजेचीच वस्तू असणार, असंही म्हटलं जातं. मग कितीतरी मुठींना टांगायची कडी कशाला? मला ती कमरेला लटकवायची सोय वाटते. मागे वळलेली भलीमोठी शिंगं, क्वचित बोकडावर झेपावणारं श्वापद, हे सगळं आधी मेणात घडवत. त्यावर मातीचा लेप देऊन भाजलं की मेण वितळून जाई आणि पोकळीत धातू ओतत. मूठ काढायला साचा फोडावाच लागे. त्यामुळे एका साच्यातून ढीगभर मुठी काढल्या, ही समजूतही टिकत नाही.

‘ब्राँझ’ म्हटलं की ताम्रपाषाण किंवा कांस्ययुग आठवतं. पण लुरिस्तानची ही प्रसिद्ध शैली साधारण इ.स.पू. 1000 ते 650 मधली, म्हणजे लोहयुगातली. त्या भागात लोखंडी तलवारीही घडत होत्या. आणि इराणी राजा सायरसचं हखामनी साम्राज्य उभं राहिलं ते इ.स.पू. 550 च्या सुमारास. या मुठींना ‘हखामनी’ म्हणणं ही उलटी गंगा झाली.

गोंधळाचं मूळ कबरी लुटण्यात आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस लुरिस्तानी ब्राँझ बाजारात पुरासारखं आलं. पुरातत्त्वज्ञ एरिक श्मिटनी लुरिस्तानातल्या सुर्ख दुममध्ये उत्खनन केलं 1938 साली, तर लुई व्हान्देन बर्ग यांच्या बेल्जियन पथकाचं पुश्त-इ-कुहमधलं काम 1965 ते 1979 मधलं. तोवर कितीतरी वस्तू संग्राहकांकडे पोचल्या होत्या. मुंबईत जन्मलेले पारशी व्यापारी नस्ली हीरामाणेक यांनी जमवलेलं लुरिस्तानी ब्राँझ आज लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. कबर कुठली, शेजारी काय होतं, हे बाजारातून आलेली वस्तू सांगत नाही. चिठ्ठीवरचं ‘लुरिस्तान’ अनेकदा विक्रेत्याच्या तोंडचं असतं.

हिरवा थर म्हणजे अस्सलपणा, यावरही विसंबू नये. तो रसायनांनी चढवता येतो. म्हणून तपासनीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, की गंज वरवरचा आहे की धातूच्या कणांमध्ये आत शिरलेला.