पत्राला साल लावणारा माणूस

पेशवाईतल्या पत्रावर तिथी असते, साल बहुतेक वेळा नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल ठाऊकच असायचे. जासूद पत्र घेऊन निघायचा, उत्तर यायचे, काम संपायचे. अडचण होते ती अडीचशे वर्षांनी जुन्या कागदांचे रुमाल सोडून बसणाऱ्यांची.

मोडी शिकून जुने कागद वाचायला लागल्यापासून माझा सगळ्यात जास्त वेळ याच एका कामात जातो. अक्षर लागायला सुरुवातीला जड जाते, कारण आधी रेघ ओढून तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत गेलेले असते. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. तरी सरावाने हात बसतो. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे, अडले तिथे पुढे जावे आणि मग मागे यावे, अशी आमची रीत. पण पत्र पुरते लागले, शेवटच्या ‘लेखनसीमे’च्या शिक्क्यापर्यंत लागले, तरी ते कोणत्या वर्षाचे हे कळेपर्यंत इतिहासाच्या उपयोगाचे नसते.

समजा, पत्रावर ‘छ 10 रबिलावल’ एवढेच आहे आणि मजकुरात काल दसरा झाल्याचा उल्लेख आहे. ‘छ’च्या पुढचा आकडा मुसलमानी महिन्यातल्या चंद्राचा. आता आश्विनाला रबिलावल कधी जुळतो ते पाहायचे. ही जोड फार टिकत नाही. अधिक मास आला की मुसलमानी महिना एका घराने पुढे सरकतो, आणि तीच जोड परत यायला बत्तीस-तेहतीस वर्षे जातात. मोडकांची कालजंत्री उघडली की 1760, 1761 आणि 1762 हे लागोपाठचे तीन दसरे रबिलावलात आलेले दिसतात. म्हणजे तीन साले हाती राहिली, शिवाय तीस-बत्तीस वर्षे अलीकडची आणि पलीकडची काही. पुढचे काम जंत्रीचे नाही, माणसांचे. पत्र कुंजपुऱ्याहून आले असेल आणि त्यात भाऊसाहेबांच्या मुक्कामाची बातमी असेल, तर साल 1760 च. पुढच्या दसऱ्याला भाऊसाहेब नव्हते, नानासाहेबही नव्हते. तेच पत्र माधवरावांना पंतप्रधान म्हणून लिहिलेले असेल, तर 1761 किंवा 1762. मग चुलत्या-पुतण्यांत बिघाड झाला आहे की अजून झाकलेला आहे, हे ओळींमधून शोधायचे. ‘दादा’, ‘नाना’, ‘भाऊ’ एवढ्याच नावांनी पत्रे भरलेली असतात. कोणता नाना हे ठरले की निम्मे साल लागले.

एका पत्राला असा अख्खा दिवस गेला की गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याविषयीचा माझा आदर आणखी वाढतो. त्यांच्या संपादनाखाली ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ 45 खंडांत निघाले, तेही 1930 ते 1934 या अवघ्या काही वर्षांत. पहिला खंड उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा, नववा बाजीराव आणि त्याच्या कुटुंबाचा. कोणताही खंड उघडा, पत्राच्या माथ्यावर दिनांक दिसतो. तो मूळ कागदावर जसाच्या तसा होता, असे वाचणाऱ्याला वाटून जाते. त्या एका ओळीमागची मेहनत छापील पानावर दिसत नाही.

सरदेसाई या कामाला लागले तेव्हा साठी ओलांडलेले होते. 1865 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविलला जन्मलेला हा माणूस 1889 मध्ये बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत गेला. महाराजांना वाचून दाखवायचे, राजपुत्रांना शिकवायचे, हे काम. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी मॅकियाव्हेलीचे ‘प्रिन्स’ आणि सीलीचे इंग्लंडच्या साम्राज्यविस्तारावरचे पुस्तक मराठीत आणले. या भाषांतरांकडे आज कोणी फिरकत नाही, पण मला ती मोलाची वाटतात. राजकारणाची गुंतागुंत सरळ मराठीत मांडायची सवय त्यांच्या हाताला तिथेच लागली. राजपुत्रांसाठी काढलेल्या टिपणांतून ‘मुसलमानी रियासत’ आणि मग ‘मराठी रियासत’ उभी राहिली, आणि लोक त्यांना रियासतकार म्हणू लागले. नोकरीच्या अखेरीला, 1925 मध्ये, जर्मनीत शिकून आलेला मुलगा श्यामकांत गेला. निवृत्तीनंतर ते कामशेतला राहायला आले.

पुण्याचे पेशवे दफ्तर तोवर अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. सरकारला त्यातल्या कागदांची धास्ती होती. जदुनाथ सरकारांनी सरकारदरबारी शब्द टाकला आणि काम सरदेसायांकडे आले. दफ्तरातले मराठी रुमाल पस्तीस हजारांच्या घरात. त्यातून राजकीय पत्रे वेचून, मोडी जाणणारे मदतनीस हाताशी घेऊन, त्यांनी साडेआठ हजारांवर कागद छापून काढले.

या निवडीवर आक्षेप आहेत, आणि त्यातला एक मला पटतो. सरदेसायांचा डोळा मोहिमा, वकील, गादीचे तंटे यांच्यावर होता. हिशेबाचे कागद, गावांचे तंटे, पिकापाण्याच्या आणि बाजारभावाच्या नोंदी बहुतांशी रुमालांतच राहिल्या. आजच्या अभ्यासकाला नेमके तेच हवे असते. पत्रांच्या माथ्यावर सारांश इंग्रजीत आहे, त्याचा फायदा बाहेरच्या अभ्यासकांना झाला, पण निव्वळ मराठी वाचकाला हे खंड काहीसे परके राहिले. तरीही घाई केली म्हणून त्यांना दोष देणे मला जमत नाही. दार उघडे आहे तोवर जेवढे बाहेर काढता येईल तेवढे काढायचे, या हिशेबाने ते वागले, आणि सरकारी दार किती दिवस उघडे राहील याची खात्री त्या काळी कोणी दिली असती?

त्यांच्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट या खंडांनंतरची आहे. रियासतीचे बरेच भाग दफ्तर उघडण्याआधीच छापून झाले होते, घरोघर वाचले जात होते, लेखकाचे नाव झाले होते. नव्या कागदांनी त्यातल्या अनेक ठिकाणी वेगळी साक्ष दिली. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने जुन्या पुस्तकाची पाठराखण केली असती तर कोणी विचारले नसते. सरदेसायांनी मराठ्यांचा इतिहास पुन्हा पहिल्यापासून, इंग्रजीत, तीन खंडांत लिहिला. 1946 ते 1948 या काळात तो प्रसिद्ध झाला. 1957 मध्ये पद्मभूषण मिळाले, 1959 मध्ये ते वारले.

मोडीचे वर्ग आता ठिकठिकाणी भरतात, तरुण मुले-मुली येतात, अक्षर पटकन उचलतात. त्यांना मी पेशवे दफ्तराचा एखादा खंड हाती देते आणि दिनांक झाकून पत्र वाचायला सांगते. साल त्यांनी स्वतः लावायचे, मग संपादकाच्या सालाशी ताडून पाहायचे. बहुतेकदा जुळते. जिथे जुळत नाही तिथे वाद रंगतो, जंत्री काढली जाते, आणि क्वचित मुलांचेच साल बरोबर ठरते. असा दिनांक सापडला की खंडाच्या समासात पेन्सिलने नवे साल आणि त्याचे कारण लिहून ठेवायचे, असा आमचा शिरस्ता आहे.